अ‍ॅरे कोसळला, आता डेटा कसा काढायचा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

अनेक डिस्क एकत्र बांधून केलेला साठा, म्हणजे रेड (त्यातल्या डिस्कचा संच तो अ‍ॅरे), बिघडल्यावर काय करायचे याबद्दल आलेल्या पत्रांतली काही पत्रे इथे घेतली आहेत. लिनक्सच्या आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी छोट्या लिपीत टंकायच्या. जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न: आमच्या स्टुडिओत चार डिस्कचा नॅस बॉक्स (नेटवर्कवरून वापरायचा साठ्याचा डबा) आहे. 4 टीबीच्या चार डिस्क, रेड 5. गणपतीच्या आधी तीन नंबरची डिस्क गेल्याचा मेसेज आला होता. कामाची गडबड होती, म्हणून तसंच चालवलं. परवा एक नंबरची डिस्कही लाल झाली आणि आता व्हॉल्यूम ‘क्रॅश्ड’ दिसतोय. तीन वर्षांची लग्नं आणि मुंजी त्यात आहेत. दुकानदार म्हणतो, दोन नव्या डिस्क टाकून रिबिल्ड मारू. मारू का?
(छायाचित्रकार, इचलकरंजी)

उत्तर: नका मारू. मुळात तो होणारच नाही. रेड 5 मध्ये गेलेल्या एका डिस्कवरचा मजकूर उरलेल्या तिन्ही डिस्क वाचून काढता येतो. चारांपैकी दोन गेल्यावर गणितात दोन अज्ञाते आणि समीकरण एकच उरते. नव्या डिस्क टाकल्यावर बॉक्स जे विचारतो ते रिबिल्डचे नसून नवा व्हॉल्यूम बांधण्याचे असते, आणि त्या ‘हो’नंतर जुन्या डिस्कवर लिहिणे सुरू होते. अशा प्रकरणांत डेटा जातो तो बहुतेक वेळा डिस्क बिघडल्यानंतर केलेल्या उपायांनी.

बॉक्स मेन्यूतून रीतसर बंद करा. ‘एकदा चालू करून बघू’ हे परत परत करू नका. दर वेळी डिस्क फिरवून थांबवण्यात आजारी डिस्कचे उरलेले आयुष्य खर्च होते. डिस्क काढण्याआधी प्रत्येकीवर मार्करने खाच क्रमांक लिहा आणि लेबलवरच्या सीरियल नंबरसकट फोटो काढून ठेवा.

यानंतर एकेक डिस्क साध्या पीसीला थेट साटा केबलने जोडा. यूएसबी डॉक टाळा. काही डॉक वाचनाची चूक नीट कळवत नाहीत, चूक आली की स्वतःच रीसेट होतात, आणि काही 512 बाइटचे सेक्टर (डिस्कवर वाचण्या-लिहिण्याचा सर्वांत छोटा तुकडा) 4096 बाइटचे करून दाखवतात, त्यामुळे विभागणीच ओळखू येत नाही. पीसी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर सुरू करा. विंडोजमध्ये अशी डिस्क लावली की ‘इनिशियलाइझ करायची का’ किंवा ‘फॉरमॅट करा’ अशी चौकट येते आणि हात सवयीने ‘ओके’वर जातो.

‘स्मार्टसीटीएल’ने स्मार्टचे, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीचे नोंदलेले, आकडे बघा. 5 (बदललेले सेक्टर), 197 (वाचायचे अडलेले सेक्टर) आणि 198 वाढलेले असतील तर पृष्ठभाग खराब होतोय. फक्त 199 वाढलेला असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा बॉक्सच्या मागच्या पट्टीवरच्या जोडणीचा, डिस्क ठणठणीत असू शकते. परवा गेलेली तुमची एक नंबरची डिस्क अशीच निघाली तर काम निम्म्याने सोपे झाले.

आता मुख्य काम, क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. साधी कॉपी पहिल्या खराब सेक्टरवर अडून बसते. डीडीरेस्क्यू तो भाग सोडून पुढे जाते आणि काय वाचले, काय राहिले याची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवते. पहिली फेरी ‘-एन’ लावून करा, म्हणजे खराब जागा खरवडत न बसता सोपे ते आधी हाती येते. मग दुसरी फेरी ‘-डी’ आणि ‘-आर3’ लावून, म्हणजे थेट वाचन आणि खराब जागांवर तीन प्रयत्न. डिस्क एखाद्या पट्ट्यात गेली की लटकत असेल तर मोठ्या लिपीतला ‘-आर’ लावून उलट्या दिशेने वाचा. मॅपफाइल तिसऱ्याच डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह लिनक्सच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली तर वीज जाताच ती पुसली जाईल आणि सगळे पहिल्यापासून करावे लागेल. कोणती डिस्क स्रोत आणि कोणती नवी, हे आज्ञा देण्याआधी सीरियल नंबरवरून दोनदा तपासा. उलटे झाले तर कोरी डिस्क तुमच्या लग्नांवर कॉपी होईल.

निरोगी 4 टीबी डिस्क सेकंदाला सरासरी 150 एमबी वेगाने साडेसात तासांत उतरते. आजारी डिस्कला दिवस लागू शकतात. तिच्यावर टेबलफॅनचा झोत ठेवा आणि पीसी यूपीएसवर चालवा.

चार नव्या डिस्क घेणे परवडत नसेल तर आधी एक नंबरच्या डिस्कचा क्लोन करा. दोन आणि चार नंबर निरोगी असतील तर त्यांच्यावर ‘ओव्हरले’ टाकून भागते: ‘डीएमसेटअप’च्या स्नॅपशॉटने लिहिलेले सगळे एका वेगळ्या फाइलमध्ये जाते, मूळ डिस्क अस्पर्श राहते. प्रयोग फसला की ती फाइल पुसायची आणि पुन्हा सुरू करायचे.

तीन नंबरच्या डिस्कबाबत फार सावध राहा. ती गणपतीच्या आधी गेली, म्हणजे तिच्यावरचा मजकूर तेव्हाचा आहे. आता ती लावून बघितली तर कदाचित झकास चालेलही आणि ‘चला, तीन डिस्क झाल्या’ असे वाटेल. पण जुन्या तीन नंबरसोबत आजच्या दोन आणि चार जोडल्या तर मधल्या काळात जिथे जिथे लिहिले गेले तिथे निव्वळ कचरा तयार होईल, आणि फाइल सिस्टिमची अनुक्रमणिका तर रोजच लिहिली जाते. कोणती डिस्क ताजी ते ‘एमडीएडीएम --एक्झॅमिन’ सांगते (एमडीएडीएम हे लिनक्सचे रेड सांभाळायचे साधन). त्यात प्रत्येक डिस्कचा ‘इव्हेंट्स’ आकडा असतो. दोन आणि चारवर तो, समजा, 184220 असेल, एकवर 184213 आणि तीनवर 91007, तर गोष्ट स्पष्ट आहे: एक नंबर सात पावले मागे आहे, तीन नंबर काही महिने. जोडायच्या त्या एक, दोन आणि चार.

बाजारातले बहुतेक छोटे नॅस बॉक्स आतून लिनक्सच चालवतात. प्रत्येक डिस्कवर पहिला छोटा भाग बॉक्सच्या स्वतःच्या सिस्टिमचा, दुसरा स्वॅपचा आणि पुढचा मोठा भाग तुमच्या डेटाचा असतो. जोडायचा तो मोठा भाग. ‘एमडीएडीएम --असेंबल --फोर्स --रीडओन्ली’ देऊन तिन्ही क्लोनचे तेच भाग सांगायचे. ‘फोर्स’ मागे पडलेल्या डिस्कचा इव्हेंट आकडा बदलून लिहितो, म्हणूनच हे मूळ डिस्कवर करायचे नसते. वर एलव्हीएमचा (लिनक्समध्ये जागेची वाटणी करणारा) थर असेल तर ‘व्हीजीचेंज -एवाय’. मग माउंट, म्हणजे फाइली दिसतील असा व्हॉल्यूम उघडणे. इथे एक खाचखळगा आहे: ईएक्सटी4 (लिनक्सची एक फाइल सिस्टिम) नुसते ‘आरओ’ देऊन माउंट केले तरी जर्नलमधले राहिलेले बदल डिस्कवर लिहू पाहते. म्हणून ‘आरओ,नोलोड’ द्या. एक्सएफएस असेल तर ‘आरओ,नोरिकव्हरी’. ‘एफएसचेक’ चालवायचाच असेल तर ‘-एन’ लावून, म्हणजे तो फक्त तक्रारी सांगेल, दुरुस्ती करणार नाही.

फोल्डर दिसले की लगेच सगळे तिसऱ्या जागी उतरवून घ्या. पण दिसले म्हणजे शाबूत आहे असे नाही. एक नंबरवरचा प्रत्येक न वाचलेला सेक्टर आता दोन ठिकाणी नडतो: त्याचा स्वतःचा मजकूर गेला, आणि त्याच ओळीतला (ओळ म्हणजे सगळ्या डिस्कवरचे एकाच जागचे तुकडे) तीन नंबरवरचा मजकूर काढायला तोच हवा होता, म्हणून तोही गेला. कोणत्या फाइल खराब झाल्या ते शोधायला डीडीरेस्क्यूचा ‘--फिल-मोड’ आहे. क्लोनवरच्या न वाचलेल्या जागी तो एखादा ठरावीक शब्द भरतो. मग सगळ्या फाइलींत तो शब्द ‘ग्रेप’ने शोधायचा. मात्र खूण सापडते ती एक नंबरवरच्या तुकड्यांतच. तीन नंबरसाठी हिशोबाने काढलेल्या तुकड्यांत त्या शब्दाचा इतर डिस्कशी हिशोब होऊन ओळखू न येणारा कचरा होतो. त्यामुळे खूण सापडलेल्या फाइलींच्या आजूबाजूला कॉपी झालेल्या फाइलीही उघडून बघा.

आणि इथे ती जुनी तीन नंबरची डिस्क उपयोगी पडते. गणपतीनंतर ज्या ओळींवर काहीच लिहिले गेले नाही, तिथला तिचा मजकूर आजही खरा आहे. दोन वर्षांपूर्वीचे लग्न कोणी पुन्हा लिहायला गेलेले नसते. तेव्हा एक नंबरवरच्या न वाचलेल्या जागा दोन, तीन आणि चारवरून काढता येतात, तेवढ्याच जागा, आणि जुन्या फाइलींपुरत्याच. हे काम मॅपफाइल हाताशी धरून सेक्टरच्या पातळीवर करावे लागते. म्हणून ‘ती तर आधीच मेली’ म्हणून तीन नंबर भंगारात देऊ नका, आणि कंपनीकडे वॉरंटीत बदलायलाही पाठवू नका. बदलून येते ती वेगळीच डिस्क.

प्रश्न: अडतीच्या दुकानातल्या पीसीवर 1 टीबीच्या दोन डिस्क बायोसमधूनच मिरर करून दिल्या होत्या. महिनाभर दुकान बंद होतं. चालू केल्यावर पीसी 2009 ची तारीख दाखवतो आणि विंडोज अर्ध्यात येऊन निळा पडदा दाखवतं. टॅलीचं सगळं त्यात आहे. दोन्ही डिस्क एकदम कशा गेल्या?
(मार्केट यार्ड, कराड)

उत्तर: गेल्या नसाव्यात. मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपला, बायोस मूळ सेटिंगवर आला आणि साटाचा मोड ‘रेड’वरून ‘एएचसीआय’ झाला. विंडोज ज्या ड्रायव्हरच्या भरवशावर सुरू होत होते तो त्यामुळे लागू पडत नाही. तारीख मागे जाणे हीच त्याची खूण.

सेल बदला, पण बायोसमध्ये मोड लगेच परत फिरवू नका. आधी दोन्ही डिस्क काढा. मिररचा मोठा फायदा असा की प्रत्येक डिस्क एकटीच पूर्ण असते. इंटेलच्या बायोस रेडची नोंद डिस्कच्या शेवटी असते, त्यामुळे सुरुवातीचे विभाग साध्या डिस्कसारखेच वाचता येतात. एकेक डिस्क दुसऱ्या पीसीवर लिनक्समध्ये रीडओन्ली माउंट करून टॅलीचे डेटा फोल्डर उतरवा. त्यात प्रत्येक कंपनीचे पाच-सहा आकडी नावाचे फोल्डर असते. फोल्डर सगळेच्या सगळे घ्या, त्यातल्या सुट्या फाइली वेचू नका.

दोन्हींच्या प्रती घेतल्यावर कोणती ताजी ते ठरवा. फाइलींच्या तारखांवर विसंबू नका, घड्याळच चुकलेले होते. टॅलीत उघडून शेवटचे व्हाउचर बघा. एक प्रत जुनी निघाली तर मिरर आधीच तुटलेला होता आणि कोणाला कळले नव्हते. असे बरेचदा होते. हे झाल्यावर मोड पुन्हा ‘रेड’ करा. दोन डिस्कमध्ये फरक असेल तर फक्त ताजी डिस्क लावून सुरू करा आणि दुसरी नंतर कोरी म्हणून जोडा, नाहीतर मिररची दिशा उलटी लागून जुनी डिस्क नवीवर उतरू शकते.

प्रश्न: सर्व्हरचं रेड कार्ड जळालं. तसंच कार्ड मिळवून लावलं. आता ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ सापडल्याचं सांगून इंपोर्ट की क्लिअर असं विचारतंय.
(सहकारी पतसंस्था, संगमनेर)

उत्तर: इंपोर्ट. पण आधी प्रिव्ह्यू बघा. मेगारेड घराण्यातली कार्डे रचनेची नोंद डिस्कवरही ठेवतात, म्हणून दुसरे कार्ड ती ओळखते. प्रिव्ह्यूमध्ये सगळ्या डिस्क आणि एकच लॉजिकल ड्राइव्ह ‘ऑप्टिमल’ दिसला तर इंपोर्ट करा. डिस्क कमी दिसत असेल तर आधी तिची जोडणी बघा. ‘क्लिअर’ने डेटा लगेच पुसला जात नाही, पण रचनेची नोंद जाते आणि मग चंकचा (एका डिस्कवर सलग लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा) आकार, क्रम आणि सुरुवातीची जागा अंदाजाने शोधत बसावे लागते.

दोन डिस्क ‘फेल्ड’ दिसत असतील तर ‘फोर्स ऑनलाइन’ फक्त शेवटी गेलेल्या डिस्कला. आधी कोणती गेली ते कार्डच्या इव्हेंट लॉगमध्ये तारीखवार असते. जुने कार्ड जळाल्यामुळे तो लॉग मिळाला नाही, तर ऑपरेटिंग सिस्टिमचा लॉग बघा. तोही नसेल तर अंदाज करू नका, क्लोन करून बाहेर जोडणी करा.

जळालेल्या कार्डावर बॅटरीवाला कॅशे असेल तर तो काढून फेकू नका. न लिहिलेला शेवटचा मजकूर त्यात असू शकतो, पण बॅटरीवर तो थोडेच दिवस टिकतो. काही कार्डांत कॅशेचा भाग नव्या कार्डावर तसाच बसवता येतो.

प्रश्न: आमच्या माणसाने बॉक्स साफ करताना चार डिस्क काढल्या आणि वाटेल तशा लावल्या. व्हॉल्यूम दिसेना म्हणून एका मित्राने लिनक्सवर ‘क्रिएट’ आज्ञा दिली. आता अ‍ॅरे ‘क्लीन’ दाखवतो पण आत काहीच नाही.
(पुणे)

उत्तर: डिस्क उलटसुलट लावल्याने काहीच बिघडले नव्हते. लिनक्सच्या रेडमध्ये प्रत्येक डिस्कचा क्रम तिच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या रेडच्या नोंदीत, लिहिलेला असतो, खाच कोणतीही चालते. बिघडले ते ‘क्रिएट’ने, कारण त्याने जुने सुपरब्लॉक पुसून नवे लिहिले.

आता मित्राला एकच गोष्ट विचारा: त्याने ‘--अझ्यूम-क्लीन’ लावले होते का? लावले असेल तर फक्त नोंद बदलली, डेटा जागेवर आहे. लावले नसेल तर क्रिएट होताच एमडीएडीएमने रेड 5 ची एक डिस्क बाकी तिन्हींवरून नव्याने लिहायला घेतली. क्रम, लेआउट (तुकड्यांची मांडणी), चंक आणि सुरुवात पहिल्यासारखेच असतील तर जे लिहिले गेले ते आधी होते तेच. क्रम वेगळा असला तरी तेच लिहिले जाते, कारण पॅरिटी (गेलेला तुकडा परत काढण्यासाठी ठेवलेला हिशोब) म्हणजे सगळ्यांचा एक्सॉर, म्हणजे बिटांची एक प्रकारची बेरीज, आणि एक्सॉरमध्ये क्रमाला महत्त्व नाही. मात्र सुरुवातीची जागा वेगळी पडली असेल तर ती डिस्क तेवढ्या भागापुरती गेली असे समजा आणि उरलेल्या तिघींवर काम करा.

लागतात त्या चार गोष्टी: क्रम, लेआउट, चंकचा आकार, डेटा ऑफसेट (डेटा सुरू होण्याची जागा). जुन्या बॉक्सचा एखादा लॉग, सेटिंगची फाइल किंवा फोनमधला स्क्रीनशॉट मिळाला तर तासांचे काम मिनिटांत होते, म्हणून आधी तेच शोधा. नाही मिळाले तर चार डिस्कचे क्रम 24 आहेत, म्हणजे हातानेही बघून होतात. पाच डिस्कचे 120 आणि सहांचे 720. तिथे स्क्रिप्ट लिहा.

लेआउट बहुधा ‘लेफ्ट-सिमेट्रिक’ असतो, एमडीएडीएमचा तोच मूळ पर्याय. त्यात पहिल्या ओळीत पॅरिटी शेवटच्या डिस्कवर, पुढच्या ओळीत एक घर डावीकडे, आणि डेटा पॅरिटीच्या लगेच उजवीकडून सुरू होऊन वळसा घेतो. चार डिस्कना 0 ते 3 म्हटले तर पहिल्या ओळीत तुकडे 0, 1, 2 आणि मग पॅरिटी. दुसऱ्या ओळीत पॅरिटी डिस्क 2 वर, तुकडा 3 हा डिस्क 3 वर, तुकडे 4 आणि 5 हे डिस्क 0 आणि 1 वर. चंक नव्या एमडीएडीएमने बांधला असेल तर 512 केबी, जुन्या बॉक्सवर 64 केबी.

डेटा ऑफसेट सगळ्यात दगा देतो, कारण तो एमडीएडीएमच्या आवृत्तीप्रमाणे बदलतो. बॉक्सने जुन्या आवृत्तीने 2048 सेक्टरवर डेटा सुरू केला असेल आणि मित्राच्या नव्या लिनक्सने 262144 सेक्टर, म्हणजे 128 एमबी सोडले असतील, तर क्रम बरोबर लावूनही काही दिसणार नाही. ‘--एक्झॅमिन’ हा आकडा सेक्टरमध्ये दाखवतो, पण ‘--डेटा-ऑफसेट’ला तो केबीमध्ये द्यावा लागतो. 262144 सेक्टर म्हणजे 131072 केबी. हा दुपटीचा घोळ अनेकांना दिवसभर फिरवतो.

पहिली डिस्क ओळखायला हेक्स एडिटर उपयोगी. ईएक्सटी4 थेट अ‍ॅरेवर असेल, मध्ये एलव्हीएम नसेल, तर डेटाच्या सुरुवातीपासून 1080 व्या बाइटवर 53 ईएफ ही खूण दिसते. ही खूण दोन डिस्कवर दिसली तर गोंधळू नका. पहिल्या ओळीतल्या बाकीच्या दोन तुकड्यांत त्या जागी शून्ये असली तर पॅरिटीतही तोच मजकूर उतरतो. म्हणजे एक डिस्क 0 आणि दुसरी पहिल्या ओळीच्या पॅरिटीची, डिस्क 3. कोणती 0 आणि कोणती 3 ते या खुणेवरून कळत नाही, तरी 24 पैकी उरले चारच क्रम.

प्रत्येक प्रयोग ओव्हरलेवर करा: ‘--क्रिएट --अझ्यूम-क्लीन’, आणि शंकेची डिस्क ‘मिसिंग’ लिहून. माउंट झाले म्हणजे क्रम बरोबर असे समजू नका. क्रम चुकला तरी फोल्डरची यादी कधी कधी दिसते, कारण ती पहिल्या तुकड्यातच मावते. 512 केबी चंक असलेल्या चार डिस्कमध्ये एका ओळीत दीड एमबी डेटा बसतो. म्हणून त्याहून बराच मोठा, 8-10 एमबीचा फोटो उघडा. पूर्ण निघाला तर क्रम जुळला. वरचा पट्टा नीट आणि खाली रंगांचा चिखल असेल तर पुढचा क्रम लावा. एक नाही, वेगवेगळ्या फोल्डरमधले पाच-सहा उघडा.

प्रश्न: एक डिस्क गेली म्हणून वेळेवर बदलली, तरी रिबिल्ड चालू असताना दुसरी गेली. हे योगायोगाने होतं की काही कारण असतं?
(नाशिक)

उत्तर: कारण असते. रिबिल्डमध्ये उरलेल्या डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचला जातो. वर्षानुवर्षे कोणी न उघडलेल्या फाइलींखाली एखादा सेक्टर आधीच गेलेला असतो, तो पहिल्यांदा तेव्हा उघडकीला येतो. डिस्क त्या दिवशी बिघडत नाही, त्या दिवशी कळते.

इंटरनेटवर एक गणित फिरते: घरगुती डिस्कच्या माहितीपत्रात 10 चा 14 वा घात इतक्या बिटांमागे एक न वाचता येणारा सेक्टर लिहिलेला असतो, म्हणजे साधारण 12.5 टीबीमागे एक. तेव्हा 12 टीबी वाचणारा रिबिल्ड फसण्याची शक्यता 62 टक्के. हे फार शब्दशः घेऊ नका. तो आकडा कंपनीने दिलेली कमाल मर्यादा असतो आणि चांगल्या डिस्क त्याहून पुष्कळ बऱ्या वागतात. खरा धोका न तपासलेल्या डिस्कचा. म्हणून महिन्याला एकदा पूर्ण वाचन, ज्याला स्क्रब म्हणतात, लावून ठेवा. डेबियनमध्ये एमडीएडीएमसोबत ते महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते. बऱ्याच नॅस बॉक्समध्ये मेन्यूत जाऊन चालू करावे लागते.

दुसरे कारण वेळेच्या मर्यादेचे. डेस्कटॉपसाठीची डिस्क अडलेला सेक्टर वाचायला मिनिटभर, कधी त्याहून जास्त झटत राहते. लिनक्स मात्र 30 सेकंद थांबून डिस्क रीसेट करते आणि रेड तिला बाहेर काढते, वास्तविक एकच सेक्टर खराब असताना. नॅससाठीच्या डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करतात, मग रेड तो सेक्टर पॅरिटीवरून काढून परत लिहिते. ‘स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,70,70’ने ही मर्यादा सात सेकंदांवर आणता येते. बऱ्याच डिस्क वीज गेली की ती विसरतात, तेव्हा आज्ञा सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घाला. डिस्क ही आज्ञाच मानत नसेल तर लिनक्सचीच मर्यादा, डिस्कच्या ‘डिव्हाइस/टाइमआउट’ फाइलमध्ये, 180 करा.

तिसरे, नवी डिस्क एसएमआर जातीची असेल तर. तिच्यावर पट्टे एकमेकांवर कौलांसारखे चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे सलग लिहिण्याचा मारा झाला की ती मिनिटे-मिनिटे गप्प बसते आणि रेडला ती मेलेली वाटते. 2020 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या (हा रंगाचा रेड) 2 ते 6 टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे उघड झाले आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. नवी डिस्क घेताना दुकानदाराच्या शब्दावर न जाता मॉडेल नंबर कंपनीच्या सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवणाऱ्या डिस्कच्या) यादीत आहे का ते बघा.

प्रश्न: एडिटिंगच्या मशीनवर दोन एसएसडी रेड 0 मध्ये (डेटा दोन्हींत वाटलेला, जादा प्रत नाही) होत्या. चुकून क्विक फॉरमॅट झाला. क्विकच होता, म्हणजे डेटा असेल ना?
(गोरेगाव, मुंबई)

उत्तर: हार्ड डिस्क असती तर बहुतेक सगळा असता. एसएसडीवर फॉरमॅट करताना सिस्टिम ट्रिम पाठवते, म्हणजे ‘या जागा आता रिकाम्या’ असा निरोप, आणि त्यानंतर त्या जागा वाचल्या तर बहुतेक एसएसडी शून्येच देतात. ट्रिम पोचला की नाही हे बघायला दोन्ही डिस्क रीडओन्ली उघडून मधले चार-दोन भाग हेक्समध्ये बघा. सगळीकडे शून्ये असतील तर रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. मजकूर दिसला तर मशीनची वीज लगेच काढा आणि क्लोन करा. कॅमेऱ्याची कार्डे अजून पुन्हा वापरली नसतील तर ती आधी बाजूला ठेवा. तिथून परत मिळण्याची शक्यता जास्त.

प्रश्न: रेड 5 मधल्या एका डिस्कमधून टकटक आवाज येतो, दुसरी फिरतच नाही. एकाने फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितलं, एकाने ऑनलाइन सर्किट बोर्ड मागवायला. रिकव्हरीवाल्याकडे द्यायचं तर काय विचारावं?
(रत्नागिरी)

उत्तर: फ्रीझर नको. बाहेर काढल्यावर आत दमट हवेचे पाणी धरते, आणि कोकणात तर विचारायलाच नको. टकटक म्हणजे हेड (वाचणारा भाग) सर्वोच्या, म्हणजे जागा ओळखायच्या, खुणा वाचू शकत नाही. अशी डिस्क एकदाही चालू करू नका. तुटलेले हेड प्रत्येक फेऱ्यात पृष्ठभाग खरवडत जाते आणि खरवडलेला भाग कोणतीच प्रयोगशाळा परत देत नाही. हेड बदलायला क्लास 100 दर्जाची स्वच्छ हवा आणि त्याच मॉडेलची दाता डिस्क लागते.

न फिरणाऱ्या डिस्कचा बोर्ड विजेच्या झटक्याने गेला असेल तर बोर्ड बदलणे योग्यच, पण नुसता बदलून चालत नाही. त्या डिस्कचे स्वतःचे मोजमाप बोर्डवरच्या आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये असते. ती चिप जुन्या बोर्डवरून काढून नव्यावर झाळावी लागते. मोबाइल दुरुस्तीतला हॉट एअर चालवणारा हात हे करू शकतो. काही मॉडेलांत ती माहिती मुख्य चिपच्या आतच असते, तिथे काम अवघड होते. दोन्ही डिस्क एकदम गेल्या असतील तर पॉवर सप्लायही तपासा, नाहीतर दुरुस्त डिस्क त्याच सप्लायवर लावून पुन्हा जाळाल.

तुमच्या बाबतीत एक दिलासा आहे: रेड 5 मध्ये दोनपैकी एकच डिस्क जिवंत झाली तरी पुरते. म्हणून प्रयोगशाळेला स्पष्ट सांगा की आधी न फिरणारी घ्या, टकटकणारीला नंतर हात लावा. बोर्डचे काम हेडच्या कामापेक्षा बरेच स्वस्त पडते. अपवाद एकच, न फिरणारी डिस्क कित्येक महिन्यांपूर्वीच अ‍ॅरेतून बाहेर पडलेली असेल तर.

देताना सगळ्या डिस्क द्या, चांगल्या चालणाऱ्याही. प्रत्येक वेगळ्या अँटिस्टॅटिक पिशवीत आणि भोवती निदान दोन इंच फोम. सोबत एका कागदावर खाच क्रमांक, सीरियल नंबर, रेडचा प्रकार, कोणती डिस्क कधी गेली आणि त्यानंतर कोणी काय केले ते लिहा. शेवटचा मुद्दा लपवू नका. ‘काही केलं नाही’ असे सांगून दिलेल्या अ‍ॅरेवर अर्धा रिबिल्ड झालेला असला तर त्यांचे पहिले दोन दिवस चुकीच्या दिशेला जातात, आणि बिल तुमच्याच नावावर फाटते.

विचारायचे ते असे: मूळ डिस्कवर काम करता की क्लोनवर? डिस्क उघडावी लागली तर इथेच उघडता की पुढे कुठे पाठवता? पैसे देण्याआधी फाइलींची यादी आणि माझ्या पसंतीच्या चार-पाच फाइली उघडून दाखवाल का? डेटा निघाला नाही तर किती आकारता? डिस्क उघडल्यावर दाता डिस्कचे पैसे वेगळे का? काम झाल्यावर क्लोन किती दिवसांनी पुसता? पहिल्या प्रश्नाला ‘बघू, गरज पडली तर क्लोन करू’ असे उत्तर आले तर डिस्क उचलून परत घेऊन या.